गोठ्यात ठेवलेला मासा

दुष्काळाचं साल होतं आणि मी नगरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकत होते. सोनईच्या आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच मुलगी. प्रयोगशाळेतल्या बरणीत एक विदूषक मासा होता, औषधात राहून पार पांढराफटक पडलेला. सर म्हणाले, खरा नारिंगी असतो, पांढऱ्या पट्ट्यांचा. समुद्रफूल नावाच्या प्राण्याच्या विषारी झिरमिळ्यांत राहतो. दुसरा मासा त्यांना शिवला की संपला. हा मात्र आधी जरा जरा अंग घासतो, सवय करून घेतो आणि मग जन्मभर तिथंच राहतो.

सुट्टीत घरी आल्यावर मी तो प्रॅक्टिकलच्या वहीत रंगीत पेन्सिलींनी काढला. वडील कडक माळकरी. चित्र बघताच म्हणाले, "माळंच्या घरात मासं न्हाई चालायचं. वही भाईर ठिव."

"दादा, देवाचा पहिला अवतारच माशाचा हाय."

"कालिजात गेली म्हून मला शिकवती व्हय?"

वही गोठ्यातल्या फळीवर गेली. चाऱ्याची काडी मिळत नव्हती तेव्हा. सकाळी पाहते तर गाय दावं ताणून माझं वर्षभराचं काम चघळत होती. सरांच्या सह्यांसकट. त्या वहीशिवाय परीक्षेला बसू देत नसत. मी तिथंच शेणात बसून रडले.

वडील धावत आले. "मासा खाल्ला का गं तिनं?"

पहिली काळजी गाय बाटल्याची! मग गाईच्याच तोंडावर गोमूत्र शिंपडलं, तिला तुळशीचं पान चारलं. माझं वर्ष गेलं, त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. पुन्हा कॉलेजचं नावही निघालं नाही.

पाटाच्या पाण्याची जमीन बघून मला राहात्याकडं दिली. निघताना आत्या म्हणाली, "हळूहळू सवय व्हती गं." मला हसू फुटलं. आत्याला वाटलं, पोरगी खूश आहे.

सासरी दर बाजाराला मासे यायचे आणि साफ करायला मी. वडिलांना हे आधीपासून माहीत होतं. कागदावरचा मासा त्यांना घरात चालला नव्हता, खऱ्या माशांपुढं मुलगी बसवलेली मात्र चालली. त्याचा राग आजही गेलेला नाही.

भेटायला आले की ते ओट्यावरच बसायचे. आमच्याकडचं पाणीसुद्धा घ्यायचे नाहीत. विचारायचे, "सुखात हायेस ना?"

मी हात धुवायची नाही. खवले चिकटलेल्या हातांनीच समोर उभी राहायची आणि म्हणायची, "व्हय, दादा."