पान उडालं तरी वाचन चालू

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. एरवी माझ्या फजित्या मी स्वतःच गावभर वाटतो. नवीकोरी स्कूटर शोरूमच्याच काचेत घातली, तेसुद्धा स्टाफरूममध्ये रंगवून सांगतो. पण ही — ही सांगताना हसू येत नाही. म्हणजे, येतं. तिथेच तर घोळ आहे.

जळगावच्या एका कॉलेजात मी मराठी शिकवतो. पहिल्या वर्षाच्या बऱ्याच मुलांना धड वाचता-लिहिता येत नाही, म्हणून जादा वर्ग निघाला. तो माझ्या गळ्यात. त्यात असोद्याची जयश्री होती. अक्षरं ओळखायची, पण शब्द जोडायला गेली की घामाघूम. बारावी कशी झाली? आपण सगळे मुलांना पुढे ढकलतो, तशी. पाठांतर मात्र जबरदस्त. आणि रोज सगळ्यांच्या आधी येऊन पहिल्या बाकावर.

मी काय शिकवलं? किस्से! पोरं हसायची, मी फुगायचो. मग कळलं, तपासणी समिती येतेय. दाखवायचं काय? मीच एक पान लिहिलं, ‘वाचनाने मला काय दिले’, आणि जयश्रीकडून घोटून घेतलं.

“सर, हे काही वाचन नाही झालं,” ती म्हणाली.

“अगं, समिती जाऊ दे. मग निवांत शिकवतो तुला.”

समितीपुढे ती कागद धरून सुरू झाली. पंख्यानं कागद उडवला — आणि ही रिकाम्या हातांकडे बघत ‘वाचत’च राहिली! मी खोकलो, कागदामागे धावलो, टेबलाखाली शिरलो. वर आलो तर टाळ्या चालू. त्यांना कळलं नसेल? तुम्हाला काय वाटतं?

शेरा उत्तम पडला. वर्ग यशस्वी झाला — म्हणून बंद झाला. दुसऱ्या दिवशी जयश्री दारात. “सर, आता शिकवता ना मले?”

व्हरांड्यात पोरं होती. ऐकणारे दिसले की माझी जीभ — “तुला तर कागदाशिवायही वाचता येतं!”

काय हसली पोरं. मीही. ती मात्र त्यानंतर कॉलेजातच आली नाही.

गेल्या उन्हाळ्यात धुळ्याच्या बसस्टँडवर उभा होतो. ऊन असं, की डोळे सोडून सगळं तोंड रुमालात. शेजारी एक बाई, कडेवर मूल. समोरच्या गाडीच्या पाटीकडे बघत ती कितीतरी वेळ ओठ हलवत होती. मग माझ्याकडे वळली.

“भाऊ, ही शिंदखेड्याले जाते का?”

आवाज ओळखला. पाटीवर तेच लिहिलेलं होतं, ठळक अक्षरांत.

“जाते,” मी म्हणालो.

ती चढली. गाडी स्टँडबाहेर पडेपर्यंत मी रुमाल सोडला नाही.