सुतारकाकांचा डोंगर

गावातली छोटी रेल्वे बंद पडली, रूळही उपटून नेले, त्याला आता एक पिढी लोटली होती. जुन्या स्टेशनामागचं मालाचं गोदाम तेवढं शाबूत होतं. तिथे दर रविवारी काही हौशी माणसं जमायची आणि त्याच रेल्वेचं मॉडेल बांधायची. कारभार मुख्याध्यापिकाबाईंकडे. त्या निवृत्त झाल्या होत्या, पण आवाजातली शाळा काही सुटली नव्हती. आणि लाकडाचं म्हणून जे काही होतं, ते सगळं सुतारकाकांचं.

काकांनी तरुणपणी याच लाइनीवर रुळांखालचे कुजलेले लाकडी स्लीपर बदलले होते. पुढे स्वतःचं दुकान थाटलं, अर्ध्या गावाची दारं-खिडक्या केल्या. आता मॉडेलमध्ये जीव ओतत होते. स्टेशन, सिग्नलची केबिन, नदीवरचा पूल, सगळं असं बसवलं होतं की सांध्यात नख शिरू नये.

मग डोळ्यांनी दगा दिला. समोर पाहिलं की मधोमध धुरकट डाग, कडेचं तेवढं दिसायचं. डॉक्टर म्हणाले, "आहे तेवढी नजर जपायची. गेलेली परत येणार नाही." काकांनी घरात सांगितलं, गोदामात मात्र अवाक्षर काढलं नाही. सवयीने हात चालत होते, त्यामुळे कुणाला कळलं नसेल अशी त्यांनी स्वतःची समजूत घालून घेतली.

एका रविवारी मॉडेलमधल्या वेटिंग रूमच्या खिडकीवरून त्यांचं बोट सहज फिरलं आणि तिथेच थांबलं. त्यांनी चौकट खाच पाडून जोडली होती. ही नुसती चिकटवलेली होती. शेजारची चाचपली. तीही तशीच. तिसरीही.

"हे कुणी केलं?"

मॉडेलची वीज जोडणारा वायरमन स्क्रू शोधायच्या निमित्ताने टेबलाखाली गेला. शेवटी बाईच पुढे आल्या. "काका, खिडक्या तिरक्या बसल्या होत्या. तुम्ही गेल्यावर आम्ही बदलल्या. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही."

"कधीपासून चाललंय?"

"पूल झाला, तेव्हापासून."

काकांनी पटाशी फडक्यात गुंडाळली आणि काठी टेकत घर गाठलं.

पुढचे बरेच रविवार ते खुर्चीतून हलले नाहीत. चहा गार झाला, रेडिओ मोठा लावला, दार कुणी आपटलं, सगळ्यावर कुरकुर. बायको एकदाची वैतागली. "माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटायला तुम्हाला घरी नाही बसवलं. त्यांनी चोरून केलं, तुम्ही तरी कुठे सांगितलंत? दोन्हीकडून लपवाछपवी."

काकांना ते वर्मी लागलं. संध्याकाळी सून दुकानातून येताना गोदामात डोकावून आली ती हसतच. "बाबा, तुमच्या लोकांनी डोंगर केलाय. अगदी पातेलं पालथं घातल्यासारखा दिसतोय."

"कुठला, वळणावरचा?"

"तोच."

काकांचा हात खुर्चीच्या दांड्यावरून वर चढू लागला, खाली उतरू लागला. एक बाजू उभी तुटलेली, दुसरी ऐसपैस, मध्ये पाण्याने खणलेली घळ. ऐन उमेदीतली चार वर्षं त्या उतारावर गेली होती. रात्री ते नीट जेवले.

रविवारी सुनेच्या खांद्यावर हात ठेवून ते गोदामात शिरले आणि बसायच्या आधीच बोलले. "माझी नजर गेलीय. मी सांगायला हवं होतं. आता नजरेचं काम मला देऊ नका, हाताचं द्या. आणि चुकलं तर तोंडावर सांगायचं. माझ्या माघारी कुणी काही बदलायचं नाही."

"कबूल," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच जरा खाली आला होता.

आधीचा पातेल्यासारखा डोंगर मोडला. खुराड्याला लावतात तसली जाळी, जुन्या चादरींच्या पट्ट्या, बादलीभर प्लास्टर. काका कोपरापर्यंत पांढरे होऊन डोंगर घडवू लागले. हात कोरड्या लाकडाला सरावलेले. हे ओलं, घसरतं काम त्यांना नवखंच होतं. पहिल्यांदा सगळा उतार बसकण मारून खाली आला. त्यांनी तो खरवडून पुन्हा उभा केला. घळीशी मात्र ते रेंगाळायचे. तिथे कुणाचं बोट फिरवून घ्यायचे, पटलं का विचारायचे.

डोंगर वाळल्यावर गाडी सोडली. मधल्या डब्याने खरखर आवाज केला. मग वायरमन घसा खाकरून म्हणाला, "काका, गाडी घासतेय. तुमचा कडा पुढे आलाय."

काका हसले. कितीतरी दिवसांनी हसले. "मग कानस आण की. बघत काय बसलास?"

मॉडेल लोकांना खुलं झालं त्या दिवशी गोदामात पाय ठेवायला जागा नव्हती. पूर्वी त्या गाडीने रोज कामाला जाणारी एक परिचारिका वळणापाशी अडकून पडली. मग बाईंना म्हणाली, "इथे गाडी हळू व्हायची. मी इथेच रोज केस विंचरायचे."

बाईंनी तिला हाताला धरून काकांकडे नेलं. "हा डोंगर यांचा."

"हुबेहूब झालाय," ती म्हणाली.

"हात लावून बघा," काका म्हणाले, आणि तिचं बोट घळीत टेकवून दिलं.