आत्माराम मिस्त्रीची जीभ

बोईसरच्या आत्माराम मिस्त्रीने आयुष्यात किती घरं बांधली हे त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं. पण त्याने किती गाड्या रेती परत पाठवली, याच्या गोष्टी मात्र डहाणूपासून सफाळ्यापर्यंत सांगितल्या जायच्या. रेतीची बैलगाडी आली की तो थापी बाजूला ठेवायचा, धोतराला हात पुसायचा आणि ढिगात कोपरापर्यंत हात घालून चिमूटभर रेती काढायचा. वरची नाही, आतली. वरचं मीठ दवानेही धुऊन जातं. ती चिमूट जिभेवर ठेवून तो डोळे मिटायचा. मालक, मजूर, गाडीवान सगळे त्याच्या तोंडाकडे बघत उभे. आत्माराम अजिबात घाई करायचा नाही. मग "गोडी हाय, उतरवा" म्हणायचा, नाहीतर बाजूला थुंकून "खारी. फिरव गाडी" म्हणायचा. त्यावर अपील नव्हतं.

या किनाऱ्याला ते लागतंच. नदीची रेती लांबून आणावी लागते, खाडीची रेती उशाशी पडलेली असते आणि दिसायला दोघी सख्ख्या बहिणी. पण खाडीच्या रेतीतलं मीठ भिंतीत गेलं की ती भिंत कधी म्हणून सुकत नाही. पावसाळाभर ती घाम गाळते, गिलाव्याचे पापुद्रे निघतात आणि मालक चुन्याला शिव्या देत बसतो. म्हणून घर काढणारा माणूस जागा बघायच्या आधी आत्मारामला बघायला यायचा.

सल्ले तो फुकट द्यायचा आणि न विचारताही द्यायचा. जागा घेतलीस? मग एक पावसाळा छत्री घेऊन तिथे नुसता उभा राहा. पाणी कुठून येतं, कुठे तुंबतं ते बघ, मग जोतं आख. वीट विटेवर वाजव, खणखणली तरच घे, आणि लावण्याआधी तिला पाण्यात मनसोक्त डुंबू दे; तहानलेली वीट चुन्यातलं पाणी पिऊन टाकते. वासे काळोख्या पंधरवड्यात तोडलेले असू देत, त्यांना भुंगा लागत नाही. चिंचणीच्या एका मास्तरांना समुद्राकडे दार हवं होतं. "मास्तर," आत्माराम म्हणाला, "तुमाला समुद्र दिसेल ते खरा, पण आषाढात त्यालाबी तुमचा घर दिसेल." मास्तरांनी ऐकलं नाही. पुढे तीन पावसाळे ते मागच्या दाराने ये-जा करत होते आणि आत्माराम मुद्दाम त्यांच्या घरावरून सायकल काढायचा. खोटं कशाला बोला, थोडा गर्व होताच त्याला.

सहासष्टच्या दिवाळीनंतर त्याला टायफॉईड झाला. महिनाभर अंथरुणाला खिळला, त्यातून उठला, काठीशिवाय चालू लागला. परत आली नाही ती एक चव. भात, आमटी, चटणी, सगळं एकच. आज येईल, उद्या येईल म्हणून तो वाट बघत राहिला आणि कुणालाही बोलला नाही. सगळे जिला माई म्हणत, त्या आपल्या बायकोलासुद्धा नाही. सुताराने डोळा गेल्याचं सांगत फिरावं का?

त्याच हिवाळ्यात किनाऱ्यावरच्या दांडी गावच्या राहीबाईचं काम आलं. राहीबाई म्हणजे बोंबील सुकवून बोईसरच्या बाजारात विकणारी विधवा. आवाज असा की ती टोपली उतरवायची तेव्हा अख्ख्या बाजाराला कळायचं. उभा जन्म तिने माडाच्या विणलेल्या झापांच्या घरात काढला होता. वाऱ्याने छप्पर नेलं की शेजारच्या वाडीतून शोधून आणायचं. आता तिला विटांच्या भिंती आणि मंगलोरी कौलं हवी होती. "मिस्त्री," ती म्हणाली होती, "मला मरताना सुक्या भिंतीला टेकून बसायचा हाय. दुसरा काय नको."

भिंती उभ्या राहिल्या त्या सूर्या नदीच्या रेतीत, अगदी फक्कड. आतला गिलावा आणि पुढचा ओटा तेवढा राहिला आणि रेती संपली. तारापूरच्या किनाऱ्यावर अणुवीज केंद्राचं मोठं काम चालू होतं, नदीच्या रेतीला मागणी फार, गाड्या मिळेनात. शेवटी एक गाडीवान दोन खेपा घेऊन आला. नदीच्या वरच्या अंगाची रेती आहे असं त्याने शपथेवर सांगितलं. आत्मारामने हात घातला, चिमूट काढली, जिभेवर ठेवली आणि डोळे मिटले. जिभेला नुसती कचकच लागली. गोडी नाही, खारी नाही, काहीच नाही. राहीबाई कमरेवर हात ठेवून उभी होती. गवंडी थांबले होते. तीस वर्षांत त्याने कधी "कळत नाय" म्हटलं नव्हतं, ते शब्द त्याच्या तोंडून बाहेरच पडेनात.

"गोडी हाय," तो म्हणाला. "उतरवा."

होळी झाली आणि एका बाजारच्या दिवशी भरदुपारी राहीबाई टोपलीसकट त्याच्या ओट्यावर येऊन उभी राहिली.

"मिस्त्री, माजी बकरी भिंत चाटते."

"काय?"

"भिंत. आतली. सकाळ-संध्याकाळ चाटते. चारा सोडून तिथं जाते. आनी भिंतीला पांढरी लव आली हाय."

आत्माराम काय ते समजला, पण तोंडाने तीस वर्षांची सवय सोडली नाही. "नवा चुना हाय, फुलतो तसा," तो ऐटीत म्हणाला. "बकरीला चुना आवडतो." राहीबाईने त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं आणि टोपली उचलून निघून गेली.

माई आतून सगळं ऐकत होती. तिने पान वाढलं. तो जेवला, आमटी दोनदा मागून घेतली, ढेकर दिली.

"आमटी कशी झाली?" माईने विचारलं.

"झकास."

"मीठ नाय घातला मी. आजबी नाय आनी कालबी नाय." ती त्याच्यासमोर बसली. लग्नाला चाळीस वर्षं झाली होती, आणि मीठ जरा कमी पडलं तर ताट सरकवणारा हा माणूस. "मला नाय सांगितलात ते सोडा. पन त्या बाईला मरायला सुकी भिंत पायजे, अहो."

आत्मारामने ताटातच हात धुतला. शरमेने त्याचे कान तापले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो सायकलवर टांग टाकून दांडीला गेला. राहीबाई बोंबील वाळत घालायला किनाऱ्यावर गेली होती. घरात बकरी भिंतीपाशी उभी राहून मन लावून चाटत होती. तिने चाटलेला पट्टा गुळगुळीत झाला होता आणि त्याच्या आजूबाजूला कापसासारखी पांढरी लव. पुढच्या ओट्याचं काम अजून बाकी होतं, तिथे बुधी चुना मळत होती.

बुधी डोंगराकडच्या पाड्यावरची. भातकापणी झाली की खाली यायची आणि पावसापर्यंत आत्मारामच्या कामांवर चुना मळायची, रेती चाळायची, घमेली वाहायची. बारा वर्षं. या बारा वर्षांत "बुधे, माल!" आणि "बुधे, पाणी!" याखेरीज तो तिच्याशी काय बोलला असेल, ते त्याला त्या सकाळी आठवून आठवेना.

ओट्याशेजारी त्या शेवटच्या खेपेतली थोडी रेती उरली होती. त्याने चिमूट उचलली आणि तिच्यापुढे धरली. "बुधे, ही चाखून बघ."

तिने हात पुढे केला नाही. "चाखायची कशाला? खारीच हाय."

"तुला कसा समजला?"

बुधीने पाऊल वळवून तळवा दाखवला. टाचेला बोट जाईल एवढ्या भेगा. "नदीची रेती चाळताना पाय कदी चुरचुरत नाय. ही आली तवा पहिल्याच दिवशी आग झाली. घरी जाऊन पाय गोड्या पान्यात घालून बसलेली."

"मग तेव्हाच बोलली का नायस?"

बुधी त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या नजरेत राग नव्हता, नुसतं नवल होतं. "तुमी 'गोडी' बोललात ना. मला कोनी इचारला?"

आत्माराम जोत्यावर बसला. त्याच्या कामावर रेतीची पारख करणारी दोन माणसं होती. एकाची जीभ गेली होती आणि दुसरीचे पाय शाबूत होते, आणि सगळे बघत राहिले ते जिभेकडे. त्याला स्वतःची मनापासून लाज वाटली आणि गंमत म्हणजे थोडं हलकंही वाटलं.

राहीबाई आली. तो उठून उभा राहिला. "राहीबाई, चुना फुललेला नाय. रेती खारी हाय. तापात माझी चव गेली, मला काय कळला नाय, तरी गोडी बोललो. चूक माझी."

राहीबाईने त्याला जे काही ऐकवलं ते अर्ध्या दांडीने ऐकलं. सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटी धाप लागल्यावर ती थांबली. "जीभ गेली तर गेली, तो काय गुन्हा नाय. बोंब मारून सांगायचा होता. आता काय?"

"गिलावा सगळा पाडतो. विटांना काय झाला नाय, सांधे गोड्या रेतीचे हायत. पावसाआधी नवा गिलावा. माझी मजुरी नको."

"आनी नवी रेती कोन चाखनार? बकरी?"

"बुधी," आत्माराम म्हणाला.

त्याने गिलावा स्वतःच्या हातांनी पाडला. साठीच्या माणसाने आपलंच काम छिन्नीने उडवावं हे बघायला लोक येऊन उभे राहत आणि तो मागे वळून न बघता सगळ्यांना खड्या आवाजात सांगे, "खारी रेती. मी पास केलेली. बघून घ्या, कशी दिसते ती!" एरवीचा सल्ला देण्याचा सूर अगदी तोच; फक्त या वेळी चुकलेला शहाणा दुसरा कुणी नव्हता. भिंती खरवडून गोड्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुतल्या, उन्हात वाळवल्या. नदीची रेती आली, बुधीने पसंत केली. नवा गिलावा चढला आणि सकाळ-संध्याकाळ पाणी पिऊन घट्ट झाला.

श्रावणात तो सायकल रेटत दांडीला गेला तेव्हा पाऊस धो-धो कोसळत होता. राहीबाईने एक शब्द न बोलता त्याचा हात धरला आणि पंजा भिंतीवर ठेवला. कोरडी. कोपऱ्यात हात लावला, जोत्याजवळ लावला, पश्चिमेच्या भिंतीला लावला. कोरडी ठणठणीत. बकरी एका बाजूला गवत खात होती, भिंतीकडे ढुंकूनही बघत नव्हती. राहीबाई त्या भिंतीला पाठ टेकून ऐसपैस बसली, जसं काही मरायची तिला आता बिलकूल घाई नव्हती, आणि बोंबलांची जुडी त्याच्यापुढे सरकवत म्हणाली, "माईंना द्या. मीठ बरोबर पडला की नाय ते तुमाला इचारत नाय."

पावसाळा सरला, भातकापण्या उरकल्या आणि जवळच्या सरावलीला बळवंतचं काम निघालं. बळवंत तारापूरच्या मोठ्या कामावर फिटर होता, पँट घालायचा, आणि आत्मारामची कीर्ती लहानपणापासून ऐकून होता. रेतीची पहिली गाडी यायची होती त्या दिवशी तो बायकोला, आईला, दोन शेजाऱ्यांना घेऊन हजर झाला. मिस्त्री चाखतात कसे, ते बघायचं होतं सगळ्यांना.

गाडी आली. आत्मारामने थापी ठेवली, हात पुसला, कोपरापर्यंत ढिगात घातला आणि चिमूट काढली. सगळे श्वास रोखून उभे. तो वळला, चार पावलं चालत चुन्याच्या खड्ड्यापाशी गेला आणि चिमूट पुढे धरली.

"बुधीबाई, बघा जरा."

बळवंतचा चेहरा पडला. "मिस्त्री, ही? ही काय सांगणार?"

"घर बांधताय ना? मग आधी एक शिका," आत्माराम म्हणाला. "माल ज्याच्या हातापायाखालून जातो त्याला पहिला इचारायचा. मी तीस वर्षं नाय इचारला. एका बाईच्या घरचा गिलावा पाडावा लागला."

बुधीने पदराला हात पुसला. चिमूट जिभेवर ठेवली आणि डोळे मिटले. बारा वर्षं ती हे समोरून बघत आली होती. तिला घाई कशी करायची नाही हे चांगलं माहीत होतं. मालक थांबला, त्याची आई थांबली, गाडीवान बैलांची वेसण धरून थांबला. आत्माराम तर सगळ्यांत जास्त ताटकळत उभा होता, कारण त्या घडीला त्यालाही काही ठाऊक नव्हतं.

बुधीने बाजूला थुंकून डोळे उघडले.

"खारी," ती म्हणाली. "फिरव गाडी."

आणि गाडीवानाने गाडी फिरवली.