बद्रीनाथची रजा

बद्रीनाथ मला पहिल्यांदा दिसला तो उलटा जाताना.

१९४९ चा जून होता. आमच्या हसनाबादच्या शाळेत उर्दू बंद होऊन मराठी सुरू झाली होती आणि नव्या पुस्तकांच्या पेट्या घेऊन जालन्याहून एक ट्रक आला होता. पेट्या उतरल्या, पण समोर कडब्याची गाडी अडकलेली, ट्रक वळवायला जागा नाही. ड्रायव्हर खाली उतरला, दोन्हीकडच्या भिंती एकदा पाहून घेतल्या आणि शाळेपुढची शंभरेक पावलांची बोळ त्यानं मागं-मागं पार केली. दोन्ही बाजूंना चार-चार बोटं जागा. एक हात बाहेर काढून तो दारावर ताल धरत होता आणि ओट्यावर बसलेल्या पुष्पाबाईंशी बोलतही होता.

"मावशे, पाय आत घ्या. न्हाई तं जालन्याला नेईन संग."

"ने बाबा, तेवढंच गाव पाहणं व्हईल!"

दुसऱ्या खेपेला तो शाळेत आला. पेटीतलं एक पुस्तक उचलून त्यानं उघडलं, थोडा वेळ पाहिलं आणि मिटून ठेवलं. मी हसनाबादला बदलून येण्याआधी तो याच शाळेत चौथीपर्यंत शिकला होता, उर्दूत. "गुर्जी," तो म्हणाला, "परवापर्यंत मी शिकलेला व्हतो. आता अडाणी झालो म्हना की." हे तो हसत म्हणाला, पण त्याच्या वयाच्या पुष्कळांची तीच गत झाली होती.

तो जालन्याच्या सुगनचंद शेठांकडे कामाला होता. सरकी, पेंड, धान्य वाहायचा. घरी बायको साळूबाई आणि एक लहान मुलगी. शेठांचे मेहुणे नवलकिशोर इराणात खुर्रमशहर नावाच्या बंदरात खजुराचा व्यापार करत. त्यांना आपल्याकडचा, विश्वासाचा ड्रायव्हर हवा होता. १९५४ च्या एप्रिलमध्ये दोन वर्षांच्या बोलीवर बद्रीनाथ निघाला. जाण्याआधी माझ्याकडे आला.

"पत्र तुमच्या नावानं टाकीन. बोलणं आपलं मराठी, पण लिहीन उर्दूत. साळूला वाचून दाखवा. गावात आता तुमच्याशिवाय कोन वाचणार?"

तेव्हापासून महिन्या-दोन महिन्यांनी त्याचं पत्र येई. साळूबाई डोक्यावरचा पदर सारखा करून शाळेच्या पायरीवर बसे आणि मी वाचत असे. मराठी बोली, उर्दू लिपी. वाचताना मलाही अधूनमधून थांबावं लागे.

पहिलं वर्षभर पत्रांत सगळं रस्त्याचंच असे. "इथं समदं उलटं हाय. हातातलं चाक डाव्या अंगाला आन् गाडी चालवायची उजवीकडून. आपल्याकडं रास्त म्हंजे बराबर. इथं रास्त म्हंजे उजवी बाजू. म्हंजे उजवीकडून जाणं ह्येच इथं रास्त." यावर साळूबाई तोंडाला पदर लावून हसली. पुढे त्यानं लिहिलं होतं, "दुपारी काच खाली केली तं तोंड भाजतं, बंद केली तं जीव गुदमरतो. वल्लं फडकं डोक्यावर घेऊन चालवतो. बाकीचे डायवर पंजाबी हायेत, त्यांना बोर्ड वाचता येत न्हाई. मला येतात. 'आहिस्ता' लिवलेलं असतं, मी आहिस्ता जातो." आणि एकदा लिहिलं, "गर्दीत भ्या न्हाई. गर्दीत म्होरल्या गाडीच्या मागं चालायचं. रस्ता रिकामा असला का हात आपोआप डावीकडं वढतो."

त्या ओळीशी मी थांबायला हवं होतं. मी पुढे वाचत गेलो.

१९५६ च्या एप्रिलमध्ये दोन वर्षं भरली. साळूबाईनं भिंती सारवल्या, मुलीला नवं परकर-पोलकं शिवलं. मे महिन्यात माणसाऐवजी पत्र आलं. अगदी चार ओळींचं. "खुशाल हाय. येणं लांबलं. रजा मिळंना. म्हातारा राजी व्हईना. काळजी करू नये."

साळूबाईनं विचारलं, "म्हातारा म्हंजे शेटजी?"

"तेच असणार." सुगनचंद शेठ साठीच्या पुढचे होते आणि त्यांचे सगळे ड्रायव्हर पाठीमागं त्यांना म्हाताराच म्हणत.

पुढच्या पत्रांत रस्ता नव्हताच. "पुलाच्या पल्याड जायची मनाई हाय." "पासपोर्ट पेटीत बंद हाय, पेटी माझ्याजवळ न्हाई." "रोज खजुराची खोकी धक्क्यावर नेतो. बोट मुंबईला जाती. मी मोकळा ट्रक घेऊन माघारी येतो." आणि प्रत्येक पत्रात शेवटी तेच: "रजा न्हाई." मला वाटलं, शेठांनी त्याला बोलीपलीकडे अडकवून ठेवलं आहे, पासपोर्टही काढून घेतला आहे.

साळूबाई म्हणायची, "मी जाते जालन्याला. पाय धरते शेटजीचे."

मी तिला थोपवत होतो. "मालक चिडला तर आणखी अडकवेल. धीर धर." असं मी एकदा नाही, सात-आठदा म्हणालो असेन. मला ते शहाणपण वाटत होतं.

तिकडे तो अडकला होता आणि इकडे ही. सणाला माहेरी जावं तर दीर मच्छिंद्र म्हणे, "दादा अचानक आला तं घरात कोन?" घरी राहावं तर आडावर बायका टोचत. तुळजाबाई नावाची एक फटकळ बाई होती, ती तर रहाटाला हात लावता-लावता विचारी, "साळे, तिकडच्या सवतीचं नाव कळलं का गं?"  साळूबाई भरलेली घागर घेऊन निघून येई. पण एकदा माझ्याजवळ म्हणाली, "गुर्जी, मेलेल्याचा दिवस असतो, आलेल्याचा दिवस असतो. माझ्याजवळ कोनताच दिवस न्हाई."

असं वर्ष गेलं. मधल्या काळात हैदराबाद राज्य मोडलं, आम्ही मुंबई राज्यात गेलो, शाळेवरची पाटी बदलली. साळूबाई पायरीवर तशीच येऊन बसत होती.

१९५७ च्या मे महिन्यात तिनं मला विचारलंच नाही. सकाळच्या मोटारीत बसताना दिसली, तेव्हा मीच धावत जाऊन बसलो.

शेठांच्या गादीवर ती चपला बाहेर काढून उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदाच ती तिथं आली होती.

"शेटजी, माझ्या माणसाला रजा द्या."

सुगनचंद शेठांनी चष्मा कपाळावर सरकवला. "कोण, बद्रीची घरवाली? अहो बाई, मी काय त्याला डांबून ठेवलंय? दोन साल झाले, तेव्हाच नवलकिशोरला लिहिलं, बद्रीला वापस पाठव म्हणून. माझ्याकडून बिलकुल मोकळा आहे तो."

"मंग रजा कोन देईना?"

शेठ तिच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहू लागले. "तुम्हाला काहीच माहीत नाही? अहो, त्याच्या गाडीखाली माणूस आला ना! पाय मोडला बुढ्ढ्याचा. तिथला कायदा असा, की ज्याला लागलं त्याची रज़ा पाहिजे. त्यानं कचेरीत येऊन म्हणायचं, मी राजी आहे, माझी तक्रार नाही. तोवर पासपोर्ट कचेरीत जमा, आणि हा गाव सोडू शकत नाही. तो बुढ्ढा काही रज़ा देत नाही. मला वाटलं, बद्रीनं घरी लिहिलं असेल."

मी खिशातलं शेवटचं पत्र काढलं. रे, ज़्वाद, अलिफ. उर्दूत या तीन अक्षरांचा अर्थ संमती, राजीखुशी. मराठीत आल्यावर त्याच शब्दाची सुट्टी झाली. बोलणं मराठी, लिपी उर्दू. त्यानं लिहिला तो तिकडचा शब्द आणि मी वाचला तो इकडचा. सव्वीस वर्षं मी मुलांना उर्दू शिकवली होती.

शेठ म्हणाले, "मास्तर, तुम्ही उर्दू शिकवली, का उर्दूला शिकवलं?"

गादीवरचे लोक हसले. साळूबाई हसली नाही. तिनं विचारलं, "किती लागलं त्या बाबाला?"

"दोन जागी हड्डी मोडली म्हणतात. खजुराच्या झाडांवर चढायचं काम होतं त्याचं."

येताना मोटारीत ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. वाटेतलं राजूर मागं पडल्यावर म्हणाली, "गुर्जी, आता माझं एक पत्र लिवा. त्या बाबाला."

"त्याला मराठी कसं कळेल? आणि माझी फारसी तर…"

"तुम्हाला येती तेवढी लिवा. आता एक वर्स न्हाई थांबायचं."

त्याच दिवशी शाळेच्या पायरीवर बसून तिनं सांगितलं आणि मी लिहिलं. फारसी दोन ओळींत संपली, पुढं उर्दूच. तिचे शब्द माझ्याकडच्या कच्च्या कागदावर अजून आहेत.

"बाबाजीला साळूचा नमस्कार. तुमचा पाय माझ्या माणसानं मोडला, ह्ये मला आज कळलं, न्हाई तं आधीच लिवलं असतं. चूक त्येचीच हाय. तुमच्या घरी पाणी कोन भरतं? झाडावर आता कोन चढतं? त्येला कामाला लावा, त्यो कामाला वाईट न्हाई. पण त्येला कधी सोडता त्याची तारीख सांगा. लांबची सांगितली तरी चालंल. तारीख न्हाई म्हणून मला इथं जगता येईना."

मी म्हणालो, "थोडी विनवणी घालू का? दया करा, वगैरे?"

"नको. त्येला लागलंय. त्येनं का म्हणून दया करावी?"

पत्र बद्रीनाथच्या नावानं टाकलं, वर लिहिलं, त्या म्हाताऱ्याला स्वतः जाऊन वाचून दाखव.

अपघाताची आणि पुढची हकीकत बद्रीनाथनं आल्यावर सांगितली. तिकडे वसंतात त्यांचं नवं वर्ष असतं; दोन वर्षं भरायला तेव्हा महिनाभर उरला होता. सगळं गाव सुट्टीवर, रस्ते ओस. तो पेट्रोल भरून पंपाबाहेर पडला आणि रस्त्याच्या डाव्या बाजूला लागला, जसा जालन्यात रोज लागायचा. समोर कोणी नव्हतं, म्हणून चूक कळली नाही. वळणावर हबीब नावाचा म्हातारा सायकलवरून आला, त्याच्या हक्काच्या बाजूनं. "बोर्ड वाचता येत व्हते ना, गुर्जी, म्हणून वाटलं, मला रस्ता वाचता येतो." तो पळाला नाही. त्यानंच हबीबला उचलून दवाखान्यात नेलं. पण नंतर चौदा महिने त्या म्हाताऱ्याच्या घराकडे फिरकला नाही. कचेरीत जाई, नवलकिशोरजींच्या मुनिमाला पाठवी, ओळखीच्या पंजाबी ड्रायव्हरला पाठवी. स्वतः जायला तोंड नव्हतं. घरी लिहायलाही नव्हतं.

साळूबाईचं पत्र घेऊन मात्र त्याला जावं लागलं. दारात उभं राहूनच त्यानं ते वाचलं, तिकडच्या तोडक्यामोडक्या बोलीत समजावलं. हबीब कुबडी मांडीवर घेऊन ऐकत होता. ऐकून झाल्यावर म्हणाला, "तुझी बायको समुद्रापलीकडून विचारते, पाणी कोण भरतं. तू तीन गल्ल्या पलीकडे राहतोस."

बद्रीनाथ म्हणाला, "गुर्जी, तवा मला कळलं. तिथं रज़ा कचेरीत मागायची नसती. घरी जाऊन मागायची असती. समदे लोक मला तेच सांगून राह्यलते, मी समजलो शिव्या देऊन राह्यले."

हबीबनं त्या दिवशी रज़ा दिली नाही. तारीख दिली: यंदाचा शेवटचा घड उतरेल तो दिवस. तोवर बद्रीनाथ रोज सकाळी त्याच्या घरी पाणी भरी, मग ट्रकवर जाई, दुपारनंतर बागेत दोरावरून खाली सोडलेले घड झेली. हबीब खाली बसून वर चढलेल्या भावाला ओरडून सांगे, कुठला घड पिकला, कुठला नाही. ती तारीख पत्रानं आम्हाला कळली, तेव्हा साळूबाईनं विचारलं, "शेवटला घड आपल्या कोनत्या महिन्यात येतो?" पत्रातल्या महिन्यावरून हिशेब करून मी म्हणालो, "कार्तिकात." ती उठली आणि आडावर गेली. तुळजाबाईला तिनं आपणहून सांगितलं, "कार्तिकात यायचेत."

कार्तिकात हबीबनं कचेरीत अंगठा दिला. बद्रीनाथ मार्गशीर्षात घरी पोचला. मुलीनं त्याला ओळखलं नाही. दाराच्या आड उभी राहून ती आईला विचारत होती, "ह्ये कोन पाव्हणे?" तो ओसरीवरच बसला आणि म्हणाला, "गेल्तो एका राज्यातून, आलो दुसऱ्यात. घर तेवढं जागेवर हाय."

सुगनचंद शेठांनी पंधरा दिवसांत ट्रकची किल्ली हातात दिली. राजूरच्या रस्त्यावर, भर दुपारी, पुढं-मागं एकही गाडी नसताना, त्याच्या ध्यानात आलं की आपण उजवीकडून चाललो आहोत. किती वेळ, ते त्याला सांगता येईना. त्यानं ट्रक कडेला घेतला, इंजिन बंद केलं आणि दुसऱ्या ड्रायव्हरला निरोप धाडून तिथंच बाभळीखाली बसून राहिला. शेठांनी पुष्कळ समजावून पाहिलं. "अरे, होतं असं. आठ दिवसांत हात बसेल." पण तो म्हणाला, "शेटजी, तिथं एक हबीब व्हता. इथं कोन असंल, सांगता येत न्हाई." किल्ली त्यानं गादीवर ठेवली.

मी मागच्या वर्षी निवृत्त झालो. साळूबाईच्या मुलीला आता मराठी चांगलं लिहिता येतं. पत्रं वाचायला माझी गरज उरलेली नाही. बद्रीनाथ जालन्याला कापसाच्या एका जिनिंगमध्ये, जागच्या जागी चालणाऱ्या इंजिनावर काम करतो. शनिवारी संध्याकाळी हसनाबादला येतो आणि सोमवारी सकाळच्या मोटारीनं परत जातो.