लिंबोणीवरचं पोळं

एकवीस वर्षं फौजेत नोकरी केली, हवालदार म्हणून घरी आलो. सध्याची पोस्टिंग झरी गावातलं घर आणि मागची बाग. कमांड बायकोकडे, म्हणजे सुशीलाकडे.

यंदा मे महिन्यात लिंबोणीवर गांधीलमाश्यांचं पोळं दिसलं. ताटलीएवढं, नळापासून चार पावलांवर. मागच्या उन्हाळ्यात एकच माशी डसली, तर सुशीलाचा घसा आवळला होता. पुन्हा डसली तर दवाखाना गाठणं अवघड, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

संध्याकाळी तिने गवऱ्या आणि कडुलिंबाचा पाला झाडाखाली आणून ठेवला.

"माझे बाबा मोहोळ असंच काढायचे. धूर केला की माशा उठून जात्यात."

"धूर करायचा न्हाई."

"का पर?"

"न्हाई म्हणलं ना!"

मी गवऱ्या लाथेने उडवल्या. तिच्यावर असा आवाज कधी चढवला नव्हता. ती आत गेली.

पहाटे पाचला बाहेर पडलो. गारव्यात माश्या पोळ्यावर सुस्त बसलेल्या असतात. अंगात जुना आर्मी कोट, हातमोजे, टॉर्चवर लाल पन्नी. लाल उजेड त्यांना फारसा दिसत नाही. खताची रिकामी पिशवी खालून हळूहळू वर चढवली. आत गुणगुण सुरू झाली. तोंड आवळलं, सुतळी बांधली, फांदी कापली.

मागे पाऊल वाजलं. सुशीला दाराबाहेर उभी. एक माशी बाहेर राहिली होती, ती तिच्या पदरावर जाऊन बसली.

"हलू नको."

"हं."

माशी गळ्याकडे चालायला लागली. मी तीन पावलांत पोचलो, मुठीत धरून चिरडली. मग मी पायरीवर बसलो.

"धुराचं काय हाय, ते आता सांगा," ती म्हणाली.

सांगितलं. डोंगरातली पोस्ट, उन्हाळा, दुपारचे बारा. बंकरजवळ असंच पोळं. आमच्या गावाकडे मोहोळ कसं काढतात ते दाखवतो, अशी मी सेक्शनपुढे फुशारकी मारली आणि धूर केला. मधमाश्या धुराने नरमतात. ह्या गांधीलमाश्या होत्या, खवळून खाली आल्या. माझ्यामागे लान्स नायक दलबीर उभा होता. त्याला मानेवर, ओठांवर डसल्या. मी रेडिओवर ओरडत होतो, "कॅजुअल्टी एक, साँस नहीं आ रही, चॉपर भेजो." उत्तर आलं, "वेट. ओव्हर." बारा चाळीसला दलबीर गेला. रिपोर्टमध्ये फक्त माश्या आल्या. धूर कोणी केला ते कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

"दिवाळीला फोन करत्यात त्या माँजी..."

"त्याची आई."

"तुमाला बेटा म्हणत्यात त्या."

"हो."

तिने आतून मोबाइल आणला आणि माझ्या हातात ठेवला. सहा वाजून दहा मिनिटं. दोन रिंगा झाल्या.

"बेटा, इतनी सुबह? सब ठीक है?"

"माँजी," मी म्हणालो, "दलबीर की एक बात मैंने आपको बताई नहीं."