शिळं पाणी आणि अटलांटिक

"ताई, येतेस का? वल्हवायचं नाहीये, फक्त पोळ्या लाटायच्यात."

माझा धाकटा भाऊ नंदू फोनवर असं म्हणाला, तेव्हा मी बोरिवलीच्या घरात वाल सोलत बसले होते. नंदू आणि त्याची बायको प्राची यांनी काही वर्षांपूर्वी नोकऱ्या सोडून शिडाची एक जुनी बोट घेतली. युरोपातून हळूहळू खाली उतरत ती दोघं आता केप व्हर्दे बेटांवर पोचली होती. तिथून अटलांटिक ओलांडून बार्बाडोसला जायचं. मध्ये जमीन नाही, दोन-अडीच आठवडे नुसतं पाणी.

"नुसत्या पोळ्या लाटायला येणार नाही," मी म्हटलं. "मला रात्रीचा पहारा पाहिजे, तुम्ही झोपलात की बोट सांभाळायचा. एकटीचा."

त्याला कारण आहे. लहानपणी मे महिन्यात देवगडजवळच्या आमच्या गावी गेलो की बाबा नंदूला होडीत घेऊन जायचे आणि मी काठावर. "चेडवांनी होडयेत बसूचा नसता," म्हणजे मुलींनी होडीत बसायचं नसतं, एवढं एक वाक्य आणि विषय संपला. नंदूच्या वाट्याला समुद्र आला, माझ्या वाट्याला त्यातले मासे साफ करणं. पुढे बँकेतली नोकरी, मुलं, निवृत्ती, सगळं छान झालं. पण ती होडी डोक्यातून गेली नाही.

"पहाऱ्याचं कप्तान ठरवणार," नंदू म्हणाला.

"मग ठरव ना!"

"कप्तान मी नाही, प्राची आहे."

घ्या! जन्मभर नणंदेचा मान मिळवला, आणि आता भावजयीची मर्जी सांभाळायची. तीही मुलुंडची. समुद्र कुठल्या दिशेला आहे हे तिला लग्नानंतर कळलं, असं आम्ही तिला चिडवायचो.

माझा नवरा विकास म्हणाला, "अगं, मढच्या फेरीबोटीत बसलीस तरी तुला मळमळतं!" खरं होतं. म्हणून आलेपाकाचे दोन डबे घेतले.

ज्यांना असं काही करायचंय त्यांच्यासाठी थोडं कामाचं. मी मुंबईहून लिस्बन आणि तिथून केप व्हर्देमधलं मिंडेलो बंदर अशी गेले. व्हिसाचे नियम बदलत असतात, तिकीट काढायच्या आधी सगळ्या देशांचे विचारून घ्या. परतीचं तिकीट दुसऱ्याच खंडातून असल्यामुळे विमानतळावर हमखास अडवतात, तेव्हा "ही बाई आमच्या बोटीवर आहे" असं कप्तानाचं पत्र हाताशी ठेवा. विमा शिडाच्या बोटीला चालतो का ते बघा. चाकांची बॅग नेऊ नका, ती ठेवायला बोटीत जागाच नसते. खर्चात विमानाचं तिकीट सर्वांत मोठं, बाकी शिधा तिघांत वाटून घेतला.

मिंडेलोच्या बाजारात कांदे, बटाटे, भोपळे, अंडी आणि हिरव्या केळ्यांचा अख्खा घड घेतला. केळी मागच्या बाजूला टांगली, आणि आठवड्याने ती सगळी एकाच दिवशी पिकली. शिकरण, हलवा, भजी, पुन्हा शिकरण. नंदू शेवटी हात जोडायला लागला.

तर निघालो. पहिला दिवस मी बादलीला मिठी मारून काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र डोकं हलकं झालं, भूक लागली, आणि मी उत्साहाने स्वयंपाकघरात शिरले. तिथे कोपऱ्यात पिण्याच्या पाण्याचा वीस लिटरचा कॅन बांधून ठेवला होता. म्हटलं, हा तर बंदरातच भरलेला, चांगला आठवड्याचा शिळा. तुम्ही कुठल्याही मराठी घरात वाढला असाल तर पुढचं सांगायला नको. सकाळी उठायचं, कालचं पाणी ओतायचं, ताजं भरायचं. हात आपोआप चालतात. मी झाकण उघडलं आणि गाणं गुणगुणत अख्खा कॅन मोरीत रिकामा केला.

वरून प्राचीचं तोंड खाली डोकावलं. "ताई, काय ओतताय?"

"शिळं पाणी गं. टाकीतून ताजं भरते."

ती खाली उतरली, तिने रिकामा कॅन हलवून बघितला. मग शांतपणे म्हणाली, "ताई, टाकीतलं पाणीही त्याच दिवशी भरलंय. इथे ताजं पाणी येत नाही. आता पाण्याला प्लीज हात लावू नका. आणि पहाऱ्याचं नंतर बघू."

नंदू मागे फिदीफिदी हसत होता. "काय गो बाय, लागली ना वाट?" मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. अठ्ठावन्न वर्षांची बाई मी, आणि पुन्हा काठावर.

पण बोटीवर रुसून बसायला कोपराच नसतो. दिवस आपोआप कामाला लावतात. वारा सतत मागून, त्यामुळे बोट पाळण्यासारखी डावी-उजवीकडे झुलते, पोळपाटावरून लाटणं पळतं. म्हणून पोळ्या जमिनीवर बसून, पाय दोन्हीकडे टेकवून लाटायच्या. भांडी समुद्राच्या पाण्याने घासायची, आंघोळही त्याच पाण्याने. सकाळी डेकवर उडते मासे पडलेले असायचे, आमच्याकडे त्यांना पाखरू म्हणतात. मालवणी मसाला लावून तव्यावर टाकले की प्राचीसुद्धा कप्तानपणा विसरून बोटं चाटायची. भाज्या संपत आल्या तेव्हा माझ्या मुगांना मोड आले, आणि चार दिवस आम्ही हिरवं खाल्लं. पहाऱ्याला मी नंदूबरोबर बसायचे. शीड फडफडलं तर काय, लांबवर जहाज दिसलं तर काय, सगळं त्याच्याकडून घोटून घेतलं. लहानपणी मी त्याला पाढे शिकवले होते, त्याचा त्याने पुरेपूर वचपा काढला.

मग एका सकाळी चहा खारट लागला.

"ताई, साखरेऐवजी मीठ?" नंदू म्हणाला. प्राचीने मात्र कप खाली ठेवला, टाकीचं पाणी चाखलं, आणि थुंकली. डेकवरच्या झाकणाचं रबर झिजून लाटांचं पाणी टाकीत उतरलं होतं. सगळी टाकी उपसून टाकावी लागली. उरले तळाशी बांधून ठेवलेले बाकीचे कॅन. तहानेपुरतं पाणी निघालं असतं, पण मापाने, आणि वारा पडला नाही तरच. माझा ओतलेला कॅन तिघांनाही आठवत होता. मी माझ्या वाट्याचं थोडं कमीच पीत होते.

दोन दिवसांनी दुपारी मागून काळा ढग आला. प्राचीने शीड लहान केलं आणि ओरडली, "सुरक्षेचे पट्टे अडकवा, झोडपणार आहे!" पहिला थेंब पडला आणि माझ्या तोंडून जे निघालं ते मी ठरवून म्हटलं नव्हतं.

"पाणी आलं! पाणी आलं रे!"

पूर्वी आमच्या चाळीत पहाटे ही हाक आली की बायका झोपेत उठून हंडे लावायच्या. मी तशीच धावले. कुकर, पातेली, बादल्या, परात, नंदूचा दाढीचा मगसुद्धा. शिडावरून पाण्याची धार त्याच्या खालच्या आडव्या दांड्याच्या टोकाशी उतरत होती. नंदू तिच्याखाली कॅन धरायला गेला.

"थांब! पहिलं जाऊ दे!" मी ओरडले. "नळाचं पहिलं पाणी भरतं का कुणी? शिडावरचं मीठ धुऊ दे आधी!"

प्राची सुकाणूवरून वळून बघायला लागली. मी धार चाखत राहिले. खारट, खारट, कमी खारट, गोड. "आता लावा!" मग काय, लगीनघाई! एक भरलं की दुसरं, भरलेलं टाकीत, रिकामं पुन्हा धारेखाली. तिघंही चिंब, तिघंही किंचाळत होतो. सर गेली तेव्हा टाकी अर्ध्याच्या वर होती, सगळे कॅन भरले होते, आणि नंदू मगातलं पाणी वाइनसारखं चवीने पीत होता.

संध्याकाळी प्राची माझ्या शेजारी येऊन बसली. "मुलुंडला पण असंच ओरडायचे हो," ती म्हणाली. "ताई, उद्या पहाटेचा पहारा तुमचा. एकटीचा. काही वाटलं तर हाक मारा. नाही वाटलं तर झोपू द्या आम्हाला."

पहाटे ती दोघं खाली झोपली आणि मी वर एकटी बसले. लांब एक दिवा दिसला, जहाजाचा. नंदूने शिकवल्याप्रमाणे त्याच्यावर नजर ठेवली, तो सरकत सरकत मागे गेला. वारा थोडा फिरला, मी सुकाणू जरा वळवलं, शीड पुन्हा भरलं. मग तांबडं फुटलं. बाबांची फार आठवण आली. रागाने नाही, त्यांनी मला बघायला हवं होतं असं वाटलं. मी कुणालाही हाक मारली नाही.

बार्बाडोस दिसलं तेव्हा तिघांनी ओरडून घसे बसवले. तिथली प्रसिद्ध थाळी म्हणजे तळलेले उडते मासे. आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि कोंबडी मागवली.

घरी आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी विकास माठातलं पाणी ओतायला निघाला. मी अशी किंचाळले की शेजारच्या काकू दारात आल्या. "अगं, कालचं आहे," तो म्हणाला. मी त्यातलं भांडंभर प्यायले. गोड होतं.

आता मला रोज पहाटे जाग येते. चहा करून गॅलरीत बसते. खाली वॉचमन खुर्चीत पेंगत असतो, आतून विकासचं घोरणं ऐकू येतं. मी जागी आहे तोवर काळजी नाही. झोपू देते त्यांना.