भावाच्या दंडाला न बांधलेला पट्टा

धाकटा भाऊ गेला त्या वर्षी माझं देवीशी पटेनासं झालं. अंजनगाव सुर्जीजवळ आमच्या माहेरचा फुलांचा मळा आहे. भाऊ शेवंती तोडता तोडता वावरातच कोसळला. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. "हार्ट अटॅक. देवाची मर्जी," गावातले डॉक्टर म्हणाले आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

मला ती मर्जी पटली नाही. डोकं दुखतं, गरगरतं म्हणून भाऊ त्याच डॉक्टरांकडे कित्येक वर्षं जायचा. दरवेळी सुई, गोळ्या, फार झालं तर सलाईन. तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा असायचा, तो सोड म्हणून कुणी सांगितलं नाही. आमचे वडीलही असेच अचानक गेले होते, ते कुणी विचारलं नाही.

पुढच्या नवरात्रात आईनं हट्टच धरला म्हणून तिच्यासोबत अमरावतीला देवीच्या दर्शनाला गेले. मनात भक्ती नव्हती, भांडण होतं. का नेलंस त्याला, एवढंच विचारायचं होतं. रांगेत उभी असताना मानेमागून ठणका उठला, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी खालीच बसले. मागे उभ्या असलेल्या एका अनोळखी बाईंनी हातातलं ओटीचं ताट आईकडे दिलं आणि माझ्याजवळ बसल्या.

"असं आधी झालं होतं का, ताई?"

"होते कधीमधी. उपासानं होत असन."

"घरात कोणाले हार्टचा त्रास?"

वडिलांचं सांगितलं, भावाचं सांगताना रडू आवरेना. त्या बाई डॉक्टर होत्या. दर्शन न घेताच त्यांनी मला रिक्षातून आपल्या दवाखान्यात नेलं. दोन्ही दंडांना पट्टा बांधून पाहिलं, शांत बसवून पुन्हा पाहिलं. बीपी फार वाढलेलं होतं. मग ईसीजी, रक्ताची तपासणी, आणि समजावून दिलेली गोळी. "बरं वाटलं तरी मनानं बंद नाही करायची," त्यांनी बजावलं.

मी विचारलं, "माह्या भावाचं असं पाह्यलं असतं तं तो वाचला असता का?"

त्या म्हणाल्या, "खात्रीनं नाही सांगता येत. पण पाहायले पाहिजे होतं."

गावी परतले ती थेट त्या डॉक्टरांसमोर उभी राहिले. "त्याच्या दंडाले एकदा तरी पट्टा बांधला होता का तुमी?"

"गर्दी पाहता ना, बाई? अन् छातीत दुखते असं तो कधी म्हणलाच नाही."

"दुखायच्या आधी पाहाचं काम मंग कोणाचं?" मी विचारलं. त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

थोरल्या भावाला मी ओढूनच अमरावतीला नेलं. त्याला बीपीही निघालं, साखरही निघाली. आज तो औषधं घेतो, खर्रा सुटला आहे, जेवताना वरून मीठ घेत नाही. मळा तोच सांभाळतो.

आई म्हणते, देवीच त्या रांगेत उभी होती. मी वाद घालत नाही; मीही कृतज्ञतेनं हात जोडते. पण जे प्रत्येक दवाखान्यात सहज व्हायला हवं, त्यासाठी देवीला धावून यावं लागावं, हा संताप अजून शमलेला नाही. शरण जाणं म्हणजे सोसून गप्प राहणं, असं मी समजत होते. आता तो संतापही तिच्याच पायाशी ठेवते. ती तो काढून घेत नाही, कामाला लावते. फुलं तोडायला येणाऱ्या प्रत्येक बाईला मी विचारते, "बीपी कवा पाह्यलं होतं वं?"